मायकेल फॅरडे : विजेला शब्द देणारा

विज्ञान हा शब्द कानावर पडला की आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या कपाळावर नकळत एक आठी उमटते. आपण भाषेचे, इतिहासाचे, तत्त्वज्ञानाचे वारकरी. प्रयोगशाळेतल्या काचनळ्यांशी आणि तिथल्या उग्र वासाशी आपले काय नाते? पण टॉर्चमधला साधा विद्युतघट घ्या, मनगटावरच्या घड्याळातला घ्या, नाहीतर खिशातल्या मोबाइलमधली बॅटरी घ्या. प्रत्येकाला दोन टोके असतात, आणि त्या टोकांना ॲनोड आणि कॅथोड म्हणतात. हे शब्द प्रयोगशाळेत जन्मले नाहीत. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला एक माणूस आणि केंब्रिजचा एक विद्वान यांच्या पत्रव्यवहारातून ते जन्मले. त्या शाळा न शिकलेल्या माणसाची, मायकेल फॅरडेची ही कथा आहे.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स या वस्तीत एका लोहाराच्या घरी फॅरडेचा जन्म झाला. वडील जेम्स फॅरडे सदा आजारी. भट्टी पेटली तर चूल पेटणार, अशी घरची स्थिती. महागाईच्या एका वर्षी आईने त्याच्या हातावर एक पाव ठेवला आणि तो आठवडाभर पुरवायचा असे सांगितले, अशी आठवण त्याच्या चरित्रांतून वाचायला मिळते. लिहिणे, वाचणे आणि थोडेफार अंकगणित एवढेच शिक्षण पदरात पडले. लॅटिन नाही, ग्रीक नाही, आणि पुढे आयुष्यभर ज्याची उणीव भासली ते उच्च गणितही नाही.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला, आणि १८०५ साली त्याच दुकानात सात वर्षांच्या उमेदवारीवर पुस्तके बांधायला शिकू लागला. दैव कधी कधी गरिबाच्या हातात भाकरीऐवजी पुस्तक ठेवते, ते असे. लोकांची पुस्तके शिवता शिवता हा मुलगा ती वाचूही लागला. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा एक खंड बांधायला आला, त्यात विजेवरचा लेख होता. जेन मार्सेट या विदुषीने रसायनशास्त्रावर संवादरूपाने लिहिलेले पुस्तक हाती पडले. वाचलेले खरे आहे का, हे पडताळून पाहायची खोड त्याला तेव्हापासूनच होती. चार पैसे साठले की बाटल्या आणि रसायने विकत आणायची आणि मालकाच्या परवानगीने दुकानातच प्रयोग करायचे. रीबोने त्याला कधी हटकले नाही. अशा न हटकणाऱ्या माणसांची नावे इतिहासाने आवर्जून लिहून ठेवायला हवीत.

१८१२ च्या वसंतात दुकानाचे एक गिऱ्हाईक, विल्यम डान्स यांनी या पोराला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटे दिली. व्याख्याते होते सर हंफ्री डेव्ही, त्या काळचे लंडनचे लाडके शास्त्रज्ञ. विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम ही मूलद्रव्ये त्यांनी १८०७ साली वेगळी करून दाखवली होती. फॅरडे सज्जात बसून चार व्याख्याने ऐकत राहिला आणि एकेक मुद्दा टिपत गेला. घरी येऊन त्याने ती टिपणे सुवाच्य अक्षरात उतरवली, आकृत्या काढल्या आणि आपल्याच हातांनी त्यांचे पुस्तक बांधले.

त्याच वर्षीच्या जुलैत त्याने आपला पहिला विद्युतघट रचला. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने १८०० साली ही युक्ती जगाला दाखवली होती : दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या, त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद किंवा कापड, आणि अशा थरांची उतरंड. फॅरडेपाशी पैसे कुठले? त्याने अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी घेतली, आपल्याकडच्या जुन्या ढब्बू पैशासारखी. जस्ताच्या पत्र्यातून त्याच मापाच्या सात चकत्या कापल्या. मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे घातले. या साडेतीन पेनीच्या यंत्राने मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचे अपघटन होऊ लागले तेव्हा आपल्या मित्राला ते पत्रातून कळवताना त्याला आनंद आवरला नाही. जगाचा कारभार बदलून टाकणाऱ्या माणसाची पहिली बॅटरी खिशातल्या सुट्या पैशांची होती, हे आपण विसरू नये.

उमेदवारी संपत आली होती, आणि जन्मभर पुस्तके बांधत बसायचे हा विचार त्याला सोसवेना. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना त्याने कामासाठी पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मग डेव्हीला पत्र लिहिले आणि सोबत ते बांधलेले टिपणांचे पुस्तक पाठवले. डेव्हीने भेट दिली, कौतुक केले, पण जागा रिकामी नव्हती. पुढे प्रयोगशाळेतला एक साहाय्यक मारामारीपायी कामावरून गेला आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरडेची नेमणूक झाली. आठवड्याला २५ शिलिंग पगार, राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या, शिवाय जळण आणि मेणबत्त्या. त्या इमारतीत तो पंचेचाळीस वर्षे राहिला.

त्याच वर्षी डेव्ही पत्नीसह युरोपच्या प्रवासाला निघाला आणि फॅरडेला साहाय्यक म्हणून सोबत नेले. ऐनवेळी डेव्हीच्या नोकराने यायचे नाकारले, म्हणून ते कामही याच्याच गळ्यात पडले. लेडी डेव्हीने तर त्याला नोकरच मानले. नोकरांच्या पंक्तीला बसवले. अपमान गिळून त्याने डोळे उघडे ठेवले. पॅरिसला अँपिअर भेटला, इटलीची शहरे पाहिली, आणि जून १८१४ मध्ये मिलानला साक्षात व्होल्टा भेटला. तेव्हा व्होल्टा एकोणसत्तर वर्षांचा होता आणि फॅरडे बावीस वर्षांचा. त्या वृद्धाने दिलेला एक विद्युतघट रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेला आहे. नाण्यांची उतरंड रचणाऱ्या पोराला त्या उतरंडीच्या जनकाकडून मिळालेला हा प्रसादच म्हणायचा.

१८२१ साली फॅरडेचे सारा बर्नार्डशी लग्न झाले. त्याच वर्षी वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरते हे त्याने दाखवून दिले. विजेवर चालणाऱ्या प्रत्येक मोटारीचे मूळ या प्रयोगात आहे. पण यशाबरोबर किटाळही आले. त्याने विल्यम वुलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची कल्पना चोरली अशी कुजबुज सुरू झाली. रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्याचे नाव पुढे आले तेव्हा अध्यक्ष होता डेव्ही, ज्याने त्याला प्रयोगशाळेत आणले तोच. अर्ज मागे घे, असे डेव्हीने त्याला सुनावले. फॅरडेने नम्रपणे नकार दिला. जानेवारी १८२४ मध्ये तो निवडून आला. विरोधात एकच मत पडले. मतदान गुप्त असल्यामुळे ते मत कोणाचे हे सिद्ध करता येत नाही. गुरूच्या मनातला हा सल फॅरडेला ठाऊक होता, तरी पुढे डेव्हीविषयी बोलताना त्याने आदर सोडला नाही.

१८३१ साली त्याने चुंबकापासून वीज निर्माण करून दाखवली. आज धरणावर आणि औष्णिक केंद्रात फिरणारी जनित्रे याच तत्त्वावर चालतात. दुसरा कोणी असता तर इथेच थांबून मानसन्मान घेत बसला असता. फॅरडे मात्र त्या जुन्या उतरंडीकडे परत वळला. वीज द्रावणातून जाते तेव्हा तिथे नेमके घडते काय, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना.

१८३२ ते १८३४ या काळात त्याने प्रयोगांचा धडाका लावला. त्यातून दोन नियम हाती आले. जेवढी वीज द्रावणातून जाते त्या प्रमाणात पदार्थ सुटा होतो, हा पहिला. आणि तेवढ्याच विजेने वेगवेगळ्या पदार्थांची सुटी होणारी वजने त्यांच्या रासायनिक तुल्यभारांच्या प्रमाणात असतात, हा दुसरा. आजच्या मापात सांगायचे तर ९६,४८५ कूलोम वीज हायड्रोजनचा सुमारे १ ग्रॅम सुटा करते, तांब्याचे सुमारे ३२ ग्रॅम आणि चांदीचे सुमारे १०८ ग्रॅम. दुधाला चरवी तशी विजेला मापे मिळाली. त्या आकड्याला पुढे फॅरडेचेच नाव दिले गेले.

पण हे सगळे लिहायला बसल्यावर त्याची लेखणी अडली. अडली ती शब्दांपाशी. द्रावणात बुडवलेल्या दोन पट्ट्यांना त्या काळी ध्रुव म्हणत. ध्रुव म्हटले की चुंबक आठवतो, आणि चुंबक ओढून घेतो. म्हणजे या पट्ट्या पदार्थाचे तुकडे आपल्याकडे ओढून घेतात, असा सिद्धांत त्या शब्दातच दडून बसलेला होता. फॅरडेला हे मान्य नव्हते. त्याने एक सुंदर प्रयोग केला होता. सोडियम सल्फेटच्या द्रावणात भिजवलेला हळदीचा कागद आणि लिटमसचा कागद एकत्र ठेवले आणि धातूची टोके त्यांना न टेकवता जरा दूर, हवेतच धरली. धातूचा स्पर्श नाही, तरी अपघटन झाले. हळदीच्या कागदावर अल्कलीचा लाल डाग उमटला. हळदीत चुना कालवून कुंकू करतात हे आपल्या आज्यांना ठाऊक होते, तीच ही किमया. म्हणजे ओढणारा ध्रुव असा कोणी नव्हताच. पट्टी हे फक्त वीज द्रावणात शिरण्याचे किंवा तिथून बाहेर पडण्याचे दार होते.

मग दाराला दार म्हणणारा शब्द हवा. पण ग्रीक कुठे येत होते? त्याचे स्नेही डॉक्टर व्हिटलॉक निकोल यांची मदत झाली. विजेचा मार्ग तो इलेक्ट्रोड, आणि विजेने विलग होणारा पदार्थ तो इलेक्ट्रोलाइट. दोन दारांना वेगळी नावे द्यायची तर अडचण जास्त होती. त्याने काही शब्द स्वतः जुळवून पाहिले, ते मनासारखे उतरेनात. अखेर एप्रिल १८३४ मध्ये त्याने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या विल्यम ह्यूएलला पत्र घातले. ह्यूएल तत्त्वज्ञानाचा आणि विज्ञानाच्या इतिहासाचा गाढा अभ्यासक, भाषेवर हुकमत असलेला. शास्त्रज्ञाला इंग्रजीत जो शब्द आज रूढ आहे तो याच सुमारास ह्यूएलनेच घडवला. आणि गंमत अशी की हा विद्वान होता एका सुताराचा मुलगा. लोहाराच्या मुलाने सुताराच्या मुलाकडे शब्द मागितले.

मागताना फॅरडेने आपली कल्पना समजावून सांगितली. अपघटन होणारा पदार्थ असा ठेवलेला आहे असे माना की त्यातून वीज पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, सूर्य जातो त्या दिशेने. मग एक दार उगवतीचे आणि एक मावळतीचे. ह्यूएलने सुचवले की उगवतीचा म्हणजे वर चढण्याचा मार्ग तो ॲनोड, आणि मावळतीचा म्हणजे खाली उतरण्याचा मार्ग तो कॅथोड. द्रावणातून या दारांकडे जाणाऱ्या कणांना त्याने नाव दिले आयन, म्हणजे नुसते जाणारे. ॲनोडकडे जाणारा तो ॲनायन, कॅथोडकडे जाणारा तो कॅटायन. काही मित्रांनी या नव्या शब्दांना नाके मुरडली, तेव्हा फॅरडेने ह्यूएलच्या नावाची ढाल पुढे केली आणि कुरकुर थांबली.

संस्कृतच्या विद्यार्थ्यांनी इथे क्षणभर थांबावे. ग्रीक भाषेतला हा आयन आणि आपल्या उत्तरायण-दक्षिणायनातले अयन एकाच प्राचीन धातूपासून आले आहेत. अर्थ एकच, जाणे. सूर्याच्या वाटेवरून ज्याचे शब्द घडले त्या शास्त्रातला कण आणि आपल्या पंचांगातला सूर्य हे भाषेच्या नात्याने भाऊबंद निघावेत, हा योगायोग मोठा गोड आहे.

या शब्दांचे मोल कशात आहे? ते कोणताही सिद्धांत गळ्यात मारत नाहीत. वीज म्हणजे नेमके काय, हे आपल्याला कळलेले नाही याची फॅरडेला पुरती जाणीव होती. म्हणून त्याने असे शब्द घेतले की उद्या मत बदलले तरी शब्द बदलावे लागू नयेत. आणि मते खरोखरच बदलली. आयन द्रावणात आधीपासूनच सुटे असतात, हे १८८० नंतरच्या दशकात स्वांते अऱ्हेनियसने मांडले. १८९७ साली जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. सिद्धांतांच्या इमारती पडल्या, नव्या उभ्या राहिल्या. फॅरडेचे शब्द होते तिथेच राहिले.

आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. शब्द सुटसुटीत आहेत, अपघटनाच्या भांड्यापुरते खरेही आहेत. पण विद्युतघटात ते उलटे पडतात. तांबे आणि जस्ताच्या घटात, घटाच्या आत, वीज जस्ताच्या दारातून द्रावणात शिरते. म्हणून जस्त हा ॲनोड. आणि बाहेरून पाहिले तर जस्त हेच ऋण टोक! धनाग्र ऋण कसे, या कोड्यापाशी कितीतरी विद्यार्थी गोंधळतात. चूक त्यांची नाही. फॅरडेने ज्या गोष्टी शब्दातून कटाक्षाने बाहेर ठेवल्या होत्या, त्या भाषांतर करताना आपण पुन्हा आत घेतल्या. परिभाषा घडवणे हे कोशातून शब्द उचलण्याइतके सोपे काम नव्हे, हा धडा भाषेच्या अभ्यासकांनी घ्यावा असा आहे.

विद्युतघटाच्या बाबतीत फॅरडेला आणखी एक वाद लढावा लागला, आणि तो व्होल्टाच्या मताशी. दोन धातूंच्या नुसत्या स्पर्शाने वीज निर्माण होते, असे व्होल्टा मानत असे. फॅरडेचे म्हणणे असे की रासायनिक क्रिया झाल्याशिवाय प्रवाह वाहत नाही. काही खर्च न होता काही मिळते, हे निसर्गात होत नाही. ज्या वृद्धाच्या हातून भेट घेतली त्याचेच मत त्याने खोडले, पण एकही कठोर शब्द न वापरता. १८३६ साली त्याचा मित्र जॉन डॅनियल याने मोरचुदाचे द्रावण वापरून बराच काळ एकसारखा प्रवाह देणारा घट तयार केला आणि त्याची हकीकत फॅरडेला लिहिलेल्या पत्राच्या रूपानेच प्रसिद्ध केली.

प्रत्येक धातूची इलेक्ट्रॉन सोडण्याची ओढ वेगळी असते. ती जर्मनीच्या वाल्टर नेर्न्स्टने १८८९ साली गणितात बसवली. तिलाच इलेक्ट्रोडचे विभव म्हणतात. हे विभव एकट्याचे मोजता येत नाही. डोंगराची उंची जशी समुद्रसपाटीपासून मोजतात तसा हायड्रोजन शून्य धरायचा. मग जस्त येते उणे ०.७६ व्होल्टवर आणि तांबे अधिक ०.३४ वर. दोहोंतले अंतर १.१० व्होल्ट, आणि डॅनियलच्या घटाचा दाबही तेवढाच. फॅरडेच्या त्या सात नाण्यांतूनही जस्ताची हीच ओढ बोलत होती. तिचे गणित मांडले गेले तेव्हा त्याला जाऊन बावीस वर्षे झाली होती.

यशाच्या या ऐन भरात त्याच्यावर घाला पडला तो स्मृतीचा. चाळिशी उलटल्यावर त्याला घेरी येऊ लागली, वाचलेले आणि केलेले आठवेनासे झाले. १८४१ साली सगळे सोडून तो स्वित्झर्लंडला विश्रांतीसाठी गेला. शब्द इतक्या निगुतीने वेचणाऱ्या माणसाला शब्दच सोडून जाऊ लागावेत, यापरते दुःख ते कोणते? पण तो खचला नाही. प्रयोगांच्या रोजनिशीत तो परिच्छेदांना क्रमांक घालून लिहीत असे. ते क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले. मनातून निसटणारे तो कागदावर धरून ठेवू लागला. १८४५ साली त्याने प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो हे दाखवले, ते या आजारानंतर. नाताळात मुलांसाठी तो व्याख्याने देई, आणि एका मेणबत्तीवर त्याने दिलेली व्याख्यानमाला अजूनही वाचली जाते.

सरदारकी त्याने नाकारली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारले. शेवटपर्यंत साधा मायकेल फॅरडेच राहायचे होते त्याला. १८५८ मध्ये राणीने हॅम्प्टन कोर्टला राहायला घर दिले. तिथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी खुर्चीत बसल्या बसल्या त्याची प्राणज्योत मालवली. लंडनच्या हायगेट दफनभूमीत त्याची साधी कबर आहे.

गणित न येणाऱ्या या माणसाच्या कल्पना जेम्स क्लार्क मॅक्सवेलने गणितात मांडल्या, आणि ग्रीक न येणाऱ्या या माणसाला ग्रीक शब्द दिले ह्यूएलने. आपल्याला काय येत नाही हे त्याने कधी लपवले नाही. जे येत नव्हते ते येणाऱ्याला विचारले. विज्ञान आणि कला या दोन शाखांच्या मध्ये आपण जी भिंत घालून बसलो आहोत तिला १८३४ च्या त्या पत्राने केव्हाच दार पाडले आहे. त्या दारातून आत जायचे की बाहेरच उभे राहायचे, एवढेच आता आपल्या हाती आहे.